कंपनीच्या काळातील लष्करी बंदुका : संग्रह कसा करावा आणि अस्सलपणा कसा पारखावा

काही वर्षांपूर्वी एका परिचिताने तीन पट्ट्यांची (नळी लाकडी दस्त्याला बांधणाऱ्या) एक ठासणीची बंदूक माझ्यासमोर ठेवली आणि ती १८५७ च्या उठावात वापरलेली असल्याचे सांगितले. कळीच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर मुकुट होता, ‘टॉवर’ हा लंडनच्या शस्त्रागाराचे नाव सांगणारा शब्द होता आणि त्याच्यावर १८६२ हे सालही स्वच्छ उमटलेले होते. सालाकडे बोट दाखवल्यावर त्यांनी विक्रेत्याचे उत्तर मला ऐकवले, ते असे की साल मागाहून टाकण्याची त्या काळी पद्धत होती. तशी कोणतीही पद्धत नव्हती. मात्र बंदूक पूर्णपणे अस्सल होती, खोटी होती ती फक्त तिची कथा. मुकुटाशेजारी राणीची ‘व्ही. आर.’ ही अक्षरे नव्हती, सरकारी मालकीचा बाणही नव्हता. नळीवर बर्मिंगहॅमच्या खाजगी चाचणीचे शिक्के आणि २५ हा व्यापारी मापाचा आकडा होता. ही सारी लक्षणे खाजगी व्यापारासाठी बनलेल्या बंदुकीची आहेत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धातल्या दोन्ही बाजूंनी बर्मिंगहॅम आणि लंडनच्या कारखानदारांकडून अशा बंदुका लाखोंच्या संख्येने खरेदी केल्या होत्या. बंदूक स्वतःविषयी जे सांगते आणि विक्रेता तिच्याविषयी जे सांगतो, ते एकमेकांशी जुळते का, हे तपासणे म्हणजेच पारख होय. पुढे दिलेली पद्धत याच प्रश्नाभोवती आहे.

लष्करी बंदुकांचे क्षेत्र अफाट आहे आणि नवख्याने त्यातली एकच शाखा निवडावी. भारतात जुन्या वाड्यांत, संस्थानी संग्रहांत आणि लिलावांत जे सर्वाधिक आढळते, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि नंतर ब्रिटिश हिंदी फौजेच्या हाती असलेले, साधारण १७७० ते १८७० या शतकातले साहित्य असते. म्हणून हा लेख त्याच शाखेपुरता आहे.

कायदा आधी

शंभर वर्षांपेक्षा जुन्या बंदुकीला परवाना लागत नाही, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मधील सवलत कालबाह्य, पुरातन मूल्याच्या किंवा मोडकळीस आलेल्या शस्त्रांना मिळते हे खरे. तथापि ते शस्त्र दुरुस्ती न करता किंवा दुरुस्ती करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे, अशी त्या सवलतीची अट आहे. नळी शाबूत असलेली आणि एखादा कुशल लोहार आठवड्याभरात चालू करू शकेल अशी बंदूक दोनशे वर्षांची असली तरी या सवलतीत बसत नाही. ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, हे आपल्या ग्रामीण भागात पिकांच्या राखणीसाठी ती बाळगणाऱ्यांना चांगले ठाऊक असते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनपेक्षा अधिक अग्निशस्त्रे बाळगता येत नाहीत, आणि वारशाने आलेली शस्त्रेही या मर्यादेतच मोजली जातात.

वस्तू सवलतीत बसते की नाही, हे आपण किंवा विक्रेत्याने ठरवायचे नसते. जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडून, ते लेखी घ्यावे. आजोबांच्या माळ्यावर बंदूक सापडली तर ती गुपचूप ठेवून न देता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून मग वारसाहक्काचा अर्ज करावा. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ हा दुसरा कायदाही लक्षात ठेवावा लागतो. शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही आणि अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. त्यामुळे परदेशातील नातेवाइकाला ‘भेट’ म्हणून कंपनीची बंदूक पाठवण्याचा विचारही करू नये.

परदेशात राहणाऱ्या मराठी संग्राहकांची स्थिती बरीच निराळी आहे. अमेरिकेतील १९६८ च्या संघीय कायद्यानुसार १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुका पुरातन समजल्या जातात, तर ब्रिटनमध्ये केवळ कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू म्हणून बाळगलेल्या पुरातन शस्त्रांना १९६८ च्याच अग्निशस्त्र कायद्यात सूट आहे. मात्र तिकडे कायदेशीरपणे घेतलेली बंदूक परत येताना परवानगीशिवाय सामानात घालून भारतात आणता येत नाही. भारतात राहणाऱ्याने दोन बंदुकांच्या मर्यादेत खिन्न होण्याचे कारण नाही. बारूददाने, काडतुसांच्या कातडी पेट्या, पट्ट्यांवरील पितळी बिल्ले आणि कवायतीची जुनी पुस्तके यांचा उत्तम संग्रह होऊ शकतो, आणि बंदुकांचा अभ्यास संग्रहालयांत करता येतो. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालय आणि हैदराबादचे सालारजंग संग्रहालय येथे शस्त्रांची दालने आहेत. दहा अस्सल बंदुका निवांतपणे पाहिलेला डोळा अकरावी नकली बंदूक चटकन ओळखतो.

हातात घेण्यापूर्वी

जुनी ठासणीची बंदूक भरलेली आहे असे गृहीत धरूनच ती हाताळावी. कोरडी राहिलेली काळी दारू शतकभरानंतरही पेट घेऊ शकते, आणि मालकाच्या मृत्यूनंतर बार न काढताच भिंतीवर टांगलेल्या बंदुका आजही सापडतात. तपासणी सोपी आहे. लाकडाचा एक सरळ, सडपातळ दांडा नळीत हलकेच तळापर्यंत सोडावा आणि तोंडाशी त्याच्यावर पेन्सिलीने खूण करावी. मग तो बाहेर काढून नळीच्या बाजूने, खूण तोंडाशी जुळवून धरावा. दांड्याचे टोक चकमकीच्या बंदुकीत कानापर्यंत (बार पेटवण्यासाठी नळीच्या बाजूला असलेल्या छिद्रापर्यंत) आणि टोपीच्या बंदुकीत आघाताने पेटणारी टोपी बसवायच्या बोंडीपर्यंत पोहोचले पाहिजे. ते तीन-चार सेंटिमीटर अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. ते चिंधीचे बोळेही असू शकते, पण तो बार नाही अशी खात्री होईपर्यंत लोखंडी गजाने टोचणे, नळी तापवणे किंवा घोडा (आघात करणारी हातोडी) ओढून पाहणे यांपैकी काहीही करू नये. हे काम परवानाधारक शस्त्रकारागिराचे आहे.

घराणी ओळखावीत

कोणतीही खूण पाहण्याआधी बंदूक कोणत्या घराण्यातली आहे हे तिच्या मापांवरून ठरवावे, कारण शिक्का मारायला एक मिनिट पुरते, पण नळीची लांबी आणि व्यास सहजी बदलता येत नाहीत. नळी मोजताना तोंडापासून मागच्या टोकापर्यंत मोजावे आणि दस्त्यात बसणारी मागची जीभ त्यात धरू नये.

इंग्रजांच्या चकमकीच्या बंदुकीला सर्वत्र ‘ब्राउन बेस’ म्हणतात, परंतु या एका नावाखाली अनेक नमुने येतात. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील लांब नमुन्याची नळी ४६ इंचांची, १७६८ नंतरच्या आखूड नमुन्याची ४२ इंचांची, तर कंपनीच्या बंदुकीवरून घेतलेल्या ‘इंडिया पॅटर्न’ची ३९ इंचांची, म्हणजे सुमारे ९९ सेंटिमीटर असते. तिन्हींचा व्यास साधारण पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर आहे. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्यावर इंग्लंडच्या शस्त्रखात्याला बंदुका पुरेनात, तेव्हा त्याने कंपनीसाठी बनलेला साठा उचलला आणि १७९७ मध्ये हाच सोपा, स्वस्त नमुना आपला म्हणून स्वीकारला. हिंदुस्थानात घडलेली सवय विलायतेवर उलटून गेल्याचे हे एक गमतीशीर उदाहरण आहे. इंडिया पॅटर्नला बार ठासायचा गज धरणाऱ्या तीनच नळ्या असतात, लांब आणि आखूड नमुन्यांना चार. दस्त्याच्या मनगटाशी अंगठ्याखाली येणारी पितळी चकतीही त्यात गाळलेली आहे. १८०९ पर्यंतच्या बंदुकांचा घोडा हंसाच्या मानेसारखा वळणदार, त्यानंतरच्यांचा मानेत छिद्र असलेला आणि अधिक दणकट असतो.

कंपनीने आपल्या बंदुकांवर स्वतःची व्यापारी खूण उमटवली. आधीची खूण म्हणजे चार भाग केलेले हृदय, त्या भागांत ‘व्ही, ई, आय, सी’ ही अक्षरे आणि वर इंग्रजी चारसारखी आकृती. १८०८ च्या सुमारास तिच्या जागी पुढच्या पंजांत मुकुट धरून मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आला. पारख करणाऱ्याला या तारखा फार उपयोगी पडतात. हृदयाची खूण असलेल्या कळीवर छिद्रवाला घोडा दिसला तर तो मागाहून बसवलेला आहे. त्यामुळे बंदूक नकली ठरत नाही, कारण लष्करात तीस-तीस वर्षे चाललेल्या बंदुकीचा घोडा एकदा तरी बदलला जाणे स्वाभाविक होते. फौजेच्या शस्त्रशाळेत झालेली दुरुस्ती हा त्या वस्तूच्या इतिहासाचाच भाग असतो आणि व्यापाऱ्याने गेल्या वर्षी केलेली जोडणी ही फसवणूक असते. या दोहोंतला फरक ओळखता येणे हेच या छंदातले खरे कौशल्य आहे. सिंहाच्या खुणेशेजारी १८६५ हे साल असले तर मात्र चर्चेला जागा उरत नाही, कारण १८५८ मध्ये कंपनीचे राज्यच संपले होते. कळीवर ‘ईस्ट इंडिया कंपनी’ ही पूर्ण नावाची ठसठशीत अक्षरे दिसली तरीही सावध व्हावे. कंपनीला खूण पुरेशी होती, पूर्ण नावाची गरज पर्यटकांना भासते.

१८३० च्या दशकाच्या अखेरीपासून गारेच्या (चकमकीच्या दगडाच्या) जागी टोपी आली, आणि १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल आल्यावर गुळगुळीत नळीही मागे पडली. या रायफलीची नळी ३९ इंचांची, व्यास ०.५७७ इंचाचा, आत तीन पीळदार चर, बाहेर तीन पट्ट्या, मागच्या बाजूला शिडीसारखी उभी राहणारी नेमाची पट्टी आणि एकूण लांबी सुमारे १४० सेंटिमीटर असते. हिच्याच काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला हे प्रत्येकाला ठाऊक असल्यामुळे प्रत्येक एनफिल्डला ‘सत्तावन्नची’ म्हणून विकण्याचा मोह होतो. वस्तुस्थिती अशी आहे की त्या वर्षी बहुसंख्य हिंदी शिपायांच्या हाती अजून जुन्या गुळगुळीत नळीच्याच बंदुका होत्या. नवी रायफल डमडम, अंबाला आणि सियालकोट येथील प्रशिक्षण केंद्रांतून नुकती कुठे त्यांच्यापर्यंत पोहोचू लागली होती.

उठावानंतर सरकारने हिंदी पलटणींच्या हाती अचूक रायफल द्यायचे टाळले आणि बाहेरून एनफिल्डसारखीच दिसणारी, पण गुळगुळीत नळीची १८५८ च्या नमुन्याची बंदूक काढली. तिचा व्यास ०.६५६ इंच आहे आणि शिडीच्या जागी एक साधा नेम आहे. आधी एनफिल्डचीच नळी कोरून मोठी केल्यामुळे तिच्या तोंडाचा काठ पातळ दिसतो, पुढे अधिक जाड नळीचा नमुना आला. आपल्याकडे एनफिल्ड म्हणून जे दाखवले जाते, त्यातले बरेचसे प्रत्यक्षात हेच असते. विक्रेत्याला वाटते की चर झिजून गेले. झिजलेले चर तळाशी कुठेतरी शिल्लक असतात आणि व्यास ०.०८ इंचाने वाढत नाही, म्हणून व्हर्नियर (बारीक मापे घेण्याचे साधन) लावताच उत्तर मिळते. व्यक्तिशः मला हा नमुना एनफिल्डपेक्षा अधिक बोलका वाटतो, कारण राज्यकर्त्यांचा अविश्वास त्याच्या नळीतच कोरलेला आहे. १८६६ पासून एनफिल्डच्याच नळीचा मागचा सुमारे अडीच इंचांचा तुकडा कापून, तिथे उजवीकडे उघडणारा ठोकळा बसवून स्नायडर ही मागून भरायची रायफल बनली आणि ठासणीचे युग संपले.

मराठ्यांच्या बंदुकांविषयीही दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण मराठी संग्राहकाला त्यांचीच ओढ असते. मराठा बंदूक म्हणजे फक्त तोड्याची (जळत्या वातीने पेटणारी), असे मानण्याचे कारण नाही. महादजी शिंद्यांच्या सेवेतील बॉइन्य या युरोपीय सेनानीच्या पलटणी युरोपीय धर्तीच्या चकमकीच्या बंदुका वापरत आणि त्यांच्यासाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा-बंदुका बनत. मात्र अशी बंदूक आज नुसत्या रूपावरून सिद्ध करता येत नाही. कागद, दप्तरातील नोंद किंवा घराण्याची अखंड परंपरा यांपैकी काहीच नसताना ‘शिंदेशाही’ या शब्दासाठी जादा पैसे मोजू नयेत.

तपासणीचा क्रम

बरोबर कापडी फीत, व्हर्नियर, दहापट मोठे दाखवणारे भिंग, बारीक विजेरी आणि छोटा लोहचुंबक असावा. चुंबक पितळी भागांसाठी लागतो. दस्त्याच्या पितळी दिसणाऱ्या तळपट्टीला तो चिकटला तर ती पितळेचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी आहे, आणि पुढची तपासणी करण्यात वेळ घालवू नये.

पहिल्यांदा बंदूक तीन पावलांवरून पाहावी. लष्करी बंदुकीची रेषा वाहती असते. दस्ता पुढे अचानक संपलेला, गज तोंडापेक्षा आखूड किंवा संगीन बसायला जागाच नसलेली दिसली, तर पुढचा भाग कापलेला असण्याची शक्यता आहे. ब्राउन बेसच्या नळीवर तोंडाजवळ वरच्या बाजूला जो चौकोनी खुंटा असतो, त्यावर संगीन अडकते आणि तोच माशीचेही (पुढच्या नेमाचेही) काम करतो. तोंडापासून त्या खुंट्यापर्यंतचे अंतर संगिनीच्या नळीशी जुळले पाहिजे. शिकारीसाठी कापलेल्या बंदुका नंतर लाकूड सांधून पुन्हा पूर्ण लांबीच्या केल्या जातात. तो सांधा बहुधा पट्टीखाली लपवलेला असतो, त्यामुळे पट्टीच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या शिरा सलग जातात का, ते विजेरी तिरपी धरून पाहावे.

त्यानंतर लाकूड आणि धातू जिथे भेटतात त्या कडा पाहाव्यात. दोनशे वर्षे एकत्र राहिलेल्या कळीच्या आणि दस्त्याच्या कडा एकत्रच झिजलेल्या असतात. लाकूड गोलसर झिजलेले आणि पट्टीची कड मात्र तीक्ष्ण, किंवा उलट, असे आढळल्यास दोन बंदुकांची एक झालेली असते. चकमकीच्या बंदुकीत कानाभोवतीचा धातू रंजकाच्या (कानाशी ठेवलेल्या पेटवणीच्या दारूच्या) ज्वाळेने खडबडीत झालेला आणि शेजारचे लाकूड काळवंडलेले असले पाहिजे. बाकीची नळी खरवडलेली असताना कानाभोवतीचीच जागा गुळगुळीत दिसली, तर मोठी शंका घ्यावी. टोपीवर बदललेल्या बंदुकीला अधिक किंमत मिळावी म्हणून पुन्हा चकमकीवर आणण्याचा धंदा जुना आहे. त्या कामात बोंडीचे छिद्र बुजवावे लागते आणि रंजकाची वाटी, तिच्यावरचे पोलादी पात आणि त्याची कमान नव्याने बसवावी लागते. कळीच्या पट्टीच्या आतल्या बाजूला बुजवलेल्या छिद्रांची वर्तुळे आणि वितळजोडाची किंचित वेगळ्या रंगाची छटा उरतेच.

म्हणूनच कळ काढून आत पाहिल्याशिवाय कोणताही मोठा व्यवहार करू नये. विक्रेत्याने परवानगी नाकारली तर व्यवहारच करू नये. घोडा अर्धा चढवावा, पलीकडच्या बाजूचे स्क्रू काही फेरे सैल करावेत, स्क्रूच्या डोक्यांवर लाकडी मुठीने हलके टोले देऊन कळ सारखी वर उचलू द्यावी आणि मगच स्क्रू पूर्ण काढावेत. एका टोकाने उचकटल्यास दस्त्याची कपची उडते. स्क्रूच्या खाचेत अचूक बसेल असाच पेचकस वापरावा. चिघळलेली खाच हा पूर्वीच्या अडाणी हातांचा पुरावा असतो आणि आपण त्यात भर घालू नये. हाताने जुळवलेल्या काळातील बंदुकीत कारागिराने कळीच्या भागांवर आणि स्क्रूंवर कानशीने एकसारख्या रेघा किंवा रोमन अंक कोरलेले आढळतात. ते सर्व भागांवर जुळले तर फार मोठी खात्री पटते. एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात यंत्रांवर अदलाबदल करता येतील असे सुटे भाग बनू लागले. त्यामुळे तिथल्या बंदुकीत अशा रेघा शोधू नयेत, बर्मिंगहॅमच्या कंत्राटी बंदुकीत शोधाव्यात.

खुणांची पाळी सर्वांत शेवटी येते. खरा ठसा घणाच्या एका घावाने उमटलेला असतो. त्याच्या कडेला धातू किंचित वर आलेला आणि नंतर झिजून सपाट झालेला भिंगातून दिसतो. ओतीव नकलेत अक्षरांचे तळ गोलसर आणि पृष्ठभाग बारीक दाणेदार असतो. आसपासचा धातू गंजाने खाल्लेला असताना ठसा त्या खड्ड्यांच्या वरून कोरा करकरीत उमटलेला असेल, तर गंज आधीचा आणि ठसा नंतरचा, एवढा सरळ हिशेब आहे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाचे चाचणीचे शिक्के मुकुटाखाली ‘व्ही’ आणि मुकुटाखाली ‘जी. पी.’ अशा अक्षरांचे असतात. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ मध्ये स्थापन झाले, म्हणून त्याचा शिक्का १७९० च्या म्हटलेल्या नळीवर असू शकत नाही. रुंद बाण ही सरकारी मालकीची खूण आहे, आणि टोकाला टोक भिडवलेले दोन बाण म्हणजे सरकारने ती वस्तू विकून टाकल्याची नोंद.

आम्लाने आणलेला जुनेपणा एकसारखा असतो, खरा जुनेपणा कधीच तसा नसतो. हात लागतो तिथे धातू गुळगुळीत, कोपऱ्यांत काळसर आणि दस्त्याखाली झाकलेला नळीचा तळ तुलनेने उजळ असा तो आढळतो. सर्वत्र सारखाच नारिंगी तांबूस गंज दिसला तर ती वस्तू फार तर काही महिन्यांची असावी.

नकलांमधल्या नकला

प्रत्येक नक्कल टाकाऊ नसते. वायव्य सरहद्दीवर, विशेषतः दर्रा आदमखेलच्या परिसरात, पठाण कारागिरांनी इंग्रजी बंदुकांच्या हाताने नकला केल्या आणि ठसेही हातानेच कोरले. इंग्रजी न येणाऱ्या हाताने ‘एनफिल्ड’मधला ‘एन’ उलटा काढलेला असतो किंवा मुकुट टोपलीसारखा दिसतो. व्हिक्टोरिया राणीचे निधन जानेवारी १९०१ मध्ये झाले, तरी तिच्या ‘व्ही. आर.’ अक्षरांखाली १९०५ हे सालही अशा बंदुकांवर बिनदिक्कत आढळते. अफगाणिस्तानात कंपनीच्या कळींच्या नकलाही एकोणिसाव्या शतकातच झाल्या आणि जिझैल या लांब अफगाणी बंदुकांवर बसल्या. ही सरहद्दीची वस्तू म्हणून घ्यायला हरकत नाही, पण किंमत सरहद्दीच्या वस्तूचीच द्यावी. अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांत परदेशी सैनिकांना विकण्यासाठी काबूलच्या बाजारात जोडलेला मालही याच रूपात फिरतो, म्हणून इथे विशेष सावधगिरी हवी.

नेपाळचा साठा हे निराळे प्रकरण आहे. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात (शस्त्रागारात) शतकभर पडून असलेली शस्त्रे २००३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतली आणि ब्राउन बेसपासून स्नायडरनंतरच्या मार्टिनी रायफलीपर्यंतचा माल जगभरच्या संग्राहकांपर्यंत पोहोचला. त्यात कंपनीच्या अस्सल बंदुका होत्या, तशाच नेपाळात हाताने बनवलेल्या ब्रन्सविक (एनफिल्डच्या आधीची रायफल) आणि एनफिल्डच्या नकलाही होत्या. जनरल गेहेंद्र शमशेर राणा यांच्या नावाने ओळखली जाणारी, बाहेरून मार्टिनी-हेन्रीसारखी दिसणारी पण आतून निराळ्या रचनेची रायफलही त्यातच होती. यांवर देवनागरी अंक आणि अक्षरे कोरलेली असतात. लंडन-न्यूयॉर्कच्या संग्राहकाला ज्यासाठी दुभाष्या लागतो, ते मराठी माणूस सहज वाचतो. साल विक्रम संवताचे असल्यास ५७ वजा करावेत. बिकानेरच्या शस्त्रागारातील शस्त्रांवरही ठिपक्यांनी कोरलेली देवनागरी नोंद आढळते, आणि अशी संस्थानी नोंद कोणत्याही इंग्रजी शिक्क्याइतकीच मोलाची मानावी.

आधुनिक प्रतिकृतींपैकी बऱ्याच आपल्याच देशात बनतात आणि इतिहासातील लढायांची प्रात्यक्षिके करणाऱ्या परदेशी मंडळांसाठी कान न पाडताच निर्यात होतात. कोणीतरी मागाहून कान पाडतो, आम्ल लावतो, आणि प्रतिकृती ‘वाड्यात सापडलेली’ बनते. अक्रोडाऐवजी शिसवासारखे गडद, जड लाकूड, मेट्रिक आट्यांचे स्क्रू आणि नळीच्या आत लांबवर जाणारी जोडाची रेषा यांवरून ती ओळखता येते. कळीवर ‘ग्राइस’ हे इंग्रज बंदूककाराचे नाव आणि १७६२ हे साल दिसले तर विशेष बारकाईने पाहावे, कारण आधुनिक प्रतिकृतींवर तीच जोडी वापरली जाते.

घरी आणल्यानंतर

पहिल्या आठवड्यात काहीही करू नये. नवख्या संग्राहकांनी चिंच आणि ब्रासोने जेवढ्या बंदुका बिघडवल्या आहेत, तेवढ्या गंजानेही बिघडवल्या नसतील. पितळेची काळसर झाक आणि नळीचा तपकिरी थर हाच वयाचा पुरावा असतो, आणि तो चकचकीत केल्यावर अस्सल वस्तूही नकली दिसू लागते. सक्रिय तांबडा गंज असेल तेवढ्याच जागी हलके तेल मुरवून तो लाकडाच्या किंवा पितळेच्या पातीने अलगद सोडवावा, नंतर धातूवर संग्रहालयांत वापरतात तसल्या सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर द्यावा. दस्त्याला जवसाचे तेल वर्षाकाठी एखादा थेंब पुरते. घोडा कधीही चढवून ठेवू नये आणि गार किंवा टोपी नसताना आपटूही नये, कारण जुनी कमान तुटली तर तशी दुसरी मिळत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बंदूक कापडी किंवा कातडी खोळीत ठेवणे म्हणजे तिला ओल्या फडक्यात गुंडाळणे होय. हवा खेळती असलेले कुलूपबंद कपाट आणि आत दर महिन्याला वाळवून घेतलेली सिलिका जेलची पाकिटे, एवढी व्यवस्था पुरते.

प्रत्येक वस्तूची एक चोपडी ठेवावी. तिच्यात मापे, सर्व ठशांची तिरप्या उजेडात काढलेली छायाचित्रे, विक्रेत्याची पावती, परवान्याची किंवा सवलतीच्या लेखी उत्तराची प्रत आणि बंदूक ज्या घरातून आली त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकिकत त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहावी. हकिकत आणि मापे वेगवेगळ्या पानांवर असावीत, म्हणजे पुढच्या मालकाला त्यातले ऐकलेले कोणते आणि मोजलेले कोणते हे विचारावे लागणार नाही.